घरातील ओल

इमारतीच्या भिंती, जमीन वा छत यांत साठलेल्या अथवा त्यांच्या पृष्ठभागावर जमलेल्या अनिष्ट पाण्यास घरातील ओल असे म्हणतात. वीट, जांभा, माती, चुना, लाकूड इ. बहुतेक बांधकामद्रव्ये सच्छिद्र असल्यामुळे त्यांत थोडेफार पाणी नेहमीच असते. जितके पाणी आत येते तितके बाष्परूपाने बाहेर पडत असेल, तर भिंत कोरडी भासते. आवक वाढली किंवा बाहेर पडण्याची वाट बुजली, म्हणजे ओल दिसू लागते. ही आवक मुख्यत्वे चार मार्गांनी होते : जमिनीतून वर चढणारे पाणी, बाहेरून मारणारा पाऊस, नळ, मोऱ्या व गच्ची यांतील गळती आणि हवेतील बाष्पाचे संघनन. डाग, पोपडे, बुरशी व कुबट वास ही लक्षणे मात्र या चारही प्रकारांत वरवर सारखीच असतात. म्हणून लक्षणावरून कारण ओळखणे हाच या विषयातील मूळ प्रश्न होय. निरनिराळ्या काळी त्याची उत्तरे निरनिराळी दिली गेली, त्यांतील काही चुकली आणि चुकीची झळ बहुधा घरात राहणाऱ्यांनाच लागली.

लक्षणे व कारणे : जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या पायथ्याशी आडव्या पट्ट्याच्या रूपाने दिसते. पाणी सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने वर चढते व छिद्र जितके बारीक तितकी त्याची उंची अधिक असते. हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूरिन यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी मांडला. त्यानुसार ०.०१ मिमी. त्रिज्येच्या नळीत पाणी सु. दीड मीटर चढावयास हवे. प्रत्यक्षात भिंतीच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होत असल्याने ही ओल बहुधा एक मीटरच्या आसपासच थांबते. जेथे ती थांबते तेथे पाण्याबरोबर आलेली लवणे मागे राहून पांढरट पिठासारखा थर जमतो. यालाच भिंतीला लोणा लागणे असे म्हणतात. लवणांचे स्फटिक गिलाव्याच्या आत वाढले, की गिलावा सुटून त्याचे पोपडे पडतात.

या लवणांत जमिनीतील सेंद्रिय पदार्थ कुजून तयार झालेली नायट्रेटे असतात. तोफेच्या दारूसाठी लागणारा सोरा यूरोपात अशाच भिंती, तळघरे व गोठे खरवडून मिळवीत असत. इंग्लंडमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत राजाज्ञेने लोकांच्या घरांत शिरून जमीन खणणाऱ्या सोरेवाल्यांचा मोठा जाच होई. फ्रान्समध्ये क्रांतिकाळात, १७९३–९४ मध्ये, नागरिकांनाच आपापली तळघरे खरवडण्याचे आवाहन करण्यात आले होते. ओलीचे हे लक्षण अशा रीतीने दीर्घकाळ घराचा रोग म्हणून नव्हे, तर युद्धसामग्री म्हणून पाहिले गेले.

लवणांमुळे निदान अवघड होते. ती हवेतील बाष्प शोषून घेत असल्याने पाण्याची मूळ वाट बंद केल्यावरही दमट दिवसांत भिंत पुन्हा ओली दिसते. विद्युत् संवाहकता मोजून ओल दाखविणारे उपकरणदेखील लवणयुक्त भिंतीत प्रत्यक्षापेक्षा अधिक पाणी दाखविते. केवळ त्या आकड्यावर विसंबून भिंत फोडण्याचा निर्णय घेणे धोक्याचे असते.

पावसाने आलेली ओल ठिकठिकाणी, विशेषतः वाऱ्याच्या दिशेकडील भिंतीवर, खिडकीच्या चौकटीभोवती आणि दर्जा उखडलेल्या सांध्यांपाशी दिसते. पाऊस थांबल्यावर काही दिवसांनी ती ओसरते. नळाच्या वा मोरीच्या गळतीचा डाग मात्र ऋतू पाहत नाही, तो वैशाखातही वाढतच राहतो. संघननाचे पाणी जेथे पृष्ठभाग सर्वांत थंड व हवा कोंडलेली असते तेथे जमते, उदा., खोलीचे वरचे कोपरे व कपाटामागील भिंत. त्यावर काळी बुरशी धरते. लोणा मात्र लागत नाही. ३०° से. तापमानाच्या व ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सु. २६° से. असतो. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडी दमट वारे वाहू लागले, की घरातील थंड शहाबादी फरशीला घाम फुटतो. खालून पाणी आले असे समजून अशी फरशी उखडणारे लोक आजही आढळतात.

प्राचीन उल्लेख : ओलीच्या निदानाचा एक जुना तपशीलवार उल्लेख बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या ग्रंथात आहे. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे उठले व ते पृष्ठभागाहून खोल दिसले, तर पुरोहिताने घर सात दिवस बंद ठेवावे. चट्टे पसरल्यास ते दगड काढून नगराबाहेर टाकावे, आतील गिलावा खरवडावा व नवे दगड आणि नवा गिलावा घालावा. इतके करूनही चट्टे परत आले, तर घर पाडावे, असे त्यात सांगितले आहे. या चट्ट्यांना ‘घराचे कुष्ठ’ म्हणत. ते बुरशीचे किंवा लवणांचे असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. यातील विधीचा भाग सोडला, तरी निरीक्षण, प्रतीक्षा, मर्यादित दुरुस्ती व पुन्हा निरीक्षण हा क्रम उल्लेखनीय आहे. पाहणीपूर्वी घरातील सामान बाहेर काढण्यास मुभा होती, कारण एकदा दोष जाहीर झाला की आतील सर्वच वस्तू अशुद्ध ठरत. घरमालकाचे नुकसान टाळण्याची ही दृष्टी पुढील अनेक कायद्यांत आढळत नाही.

रोमन वास्तुविद व्हिट्रूव्हिअस यांनी इ. स. पू. पहिल्या शतकातील आपल्या ग्रंथाच्या सातव्या खंडात ओलसर जागांतील गिलाव्याचा स्वतंत्र विचार केला आहे. जमिनीपासून सु. तीन फुटांपर्यंत गिलाव्यात वाळूऐवजी भाजलेल्या मातीच्या भांड्यांचा चुरा वापरावा, असे ते सांगतात. भिंत सतत ओली राहत असेल, तर आतून थोडे अंतर सोडून दुसरी पातळ भिंत बांधावी, मधल्या पोकळीच्या तळाशी पाणी वाहून जाण्यास पन्हळ ठेवावी आणि वर हवेसाठी झरोके ठेवावेत, असाही उपाय त्यांनी दिला आहे. पहिला उपाय म्हणजे भारतीय गवंड्यांची सुरखी होय. विटांची पूड चुन्यात मिसळली असता ते मिश्रण पाण्याखालीही घट्ट होते, हे ज्ञान दोन्ही संस्कृतींत होते. हौद, पुष्करिणी व स्नानगृहे यांच्या बांधकामात आपल्याकडे सुरखीचा वापर सर्रास आढळतो. दुसरा उपाय यूरोपात पोकळ भिंतीच्या रूपाने पुन्हा प्रचारात येण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

महाराष्ट्र व गोव्यातील परंपरा : कोकणपट्टीत बहुतेक ठिकाणी वर्षाला २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांतच कोसळतो. तेथील घराची रचना पाणी अडविण्यापेक्षा ते दूर ठेवण्यावर व आत आलेले पाणी लवकर सुकविण्यावर आधारलेली होती. घडीव जांभ्याचे उंच जोते, उतरते कौलारू छप्पर, भिंतीपासून बरीच पुढे आलेली वळचण आणि सभोवती पडवी यांमुळे पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून लांब पडे. मृगापूर्वी पडवीच्या उघड्या बाजूस नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधून पावसाची झड अडवीत. चुलीचा धूर व ऊब कौलांखालील वाशांपर्यंत पोहोचून लाकूड कोरडे राही. शेणाने सारवलेली जमीन पाणी शोषून घेई व ते पुन्हा हवेत सोडी. ती वारंवार सारवावी लागे, पण तिच्याखाली पाणी कोंडून राहत नसे.

देशावर व मराठवाड्यात पाऊस कमी असल्याने मातीच्या भिंती व धाब्याची सपाट छपरे चालत. धाब्यावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी खारी माती पसरून ती चोपीत. गोव्यात पावसाळा संपल्यावर जांभ्याच्या घरांना चुन्याची सफेदी करण्याचा प्रघात होता. ही सर्व कामे वार्षिक होती. भिंत भिजणार हे गृहीत धरून ती सुकावी याची तजवीज करणे हे त्यांमागील तत्त्व होय आणि ते कोठे लिहून ठेवलेले नसले, तरी गवंडी व गृहिणी यांच्या रोजच्या व्यवहारात होते. पुढे ही घरे दुरुस्त करताना त्याकडे दुर्लक्ष झाले.

यूरोपातील विचार : एकोणिसाव्या शतकात यूरोपातील शहरे झपाट्याने वाढली व ओलीचा प्रश्न गरिबांच्या वस्तीशी जोडला गेला. बर्लिनमध्ये नव्या भाडोत्री इमारतींचा गिलावा सुकण्यापूर्वीच गरीब कुटुंबांना अल्प भाड्याने खोल्या देत. चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घट्ट होतो व त्या विक्रियेत पाणी सुटते; त्यामुळे माणसांचा श्वास व शेगडीची ऊब यांनी भिंती लवकर सुकतात, असा मालकांचा हिशेब होता. भिंती सुकल्या की हे भाडेकरू दुसऱ्या ओल्या इमारतीत जात व मूळ खोल्या वाढीव भाड्याने दिल्या जात. ‘राहून सुकविणारे’ असे नावच त्यांना पडले होते. ओल कोठून येते हे येथे पुरेपूर माहीत होते. त्या माहितीचा उपयोग मात्र माणसांकडून भिंती सुकवून घेण्यासाठी झाला.

म्यूनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर (१८१८–१९०१) यांनी विटांच्या भिंतीतून हवा आरपार जाते, हे भिंतीपलीकडील मेणबत्ती विझवून दाखविले. भिंत ओली झाली की हे ‘श्वसन’ थांबते, म्हणून ओल घातक, असे त्यांचे प्रतिपादन होते. भिंतीतून येणारी हवा प्रत्यक्षात नगण्य असते, हे पुढे सिद्ध झाले. पटकीचा प्रसारही जमिनीतील पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतो, असे ते मानीत आणि ते पटविण्यासाठी १८९२ मध्ये त्यांनी पटकीचे जंतू असलेले द्रावण स्वतः प्राशन केले. सिद्धांत चुकीचा असला, तरी खोलीतील हवेच्या शुद्धतेचे मोजमाप करण्याची जी पद्धत त्यांनी घालून दिली, तिची उपयुक्तता टिकून आहे. इंग्लंडमध्ये १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर तयार झालेल्या नमुना उपविधींमुळे जोत्याच्या पातळीवर स्लेट, डामर वा शिसे यांचा ओलरोधक थर घालण्याची पद्धत रूढ झाली व तेथून ती भारतातील सार्वजनिक बांधकामांत आली.

मुंबईतील प्लेग : १८९६ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक प्लेगचे निदान केले. हा भाग धान्याच्या वखारींचा, दाट वस्तीचा व अंधाऱ्या चाळींचा होता. रोग घाणीतून, कोंदट हवेतून व ओल्या जमिनीतून उद्भवतो, असे मत त्या वेळी आरोग्याधिकाऱ्यांत प्रबळ होते. तानसा तलावाचे पाणी १८९२ मध्ये शहरात आले. त्या मानाने गटारांची सोय अपुरी राहिल्याने सांडपाणी जमिनीत मुरून घरांखालची माती भिजली व त्यातून साथ फैलावली, असेही म्हटले जाई. पाणी मुरत होते व खालचे मजले ओले होते, ही वस्तुस्थिती होती. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खरा नव्हता.

त्यावरून ठरलेले उपाय कठोर होते. गटारे व घरे जंतुनाशक द्रावणांनी धुण्यात आली, भिंतींना चुना फासण्यात आला, उजेडासाठी कौले काढण्यात आली आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशा खुणा करण्यात आल्या. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना घरात शिरून झडती घेण्याचे अधिकार मिळाले. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सीमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. परंतु त्यास सर्वमान्यता मिळण्यास १९०५ नंतर मुंबईत परळ येथे झालेल्या संशोधनापर्यंत वाट पाहावी लागली. तोपर्यंत अनेक कुटुंबांची घरे ओलीच्या आरोपाखाली गेली होती.

१८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने (सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने) दाट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले आणि खोलीत उजेड व वारा यावा म्हणून समोरच्या इमारतीच्या उंचीवर ६३½ अंशांच्या कोनाची मर्यादा घातली. हा नियम ओलीच्या दृष्टीनेही हितकर होता, कारण ऊन व वारा यांनी भिंत सुकते. परंतु पाडलेल्या घरांतील रहिवाशांना पुरेशी पर्यायी घरे वेळेवर मिळाली नाहीत. ते शेजारच्या चाळींत दाटीने राहू लागले व तेथील गर्दी आणि ओल दोन्ही वाढली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे काँक्रीटच्या २०७ चाळी उभारल्या. काँक्रीटने ओलीचा प्रश्न मिटेल, अशी अपेक्षा बाळगण्याचा तो काळ होता.

सिमेंटचा काळ : सिमेंटच्या प्रसाराबरोबर भिंत सुकविण्याऐवजी पाणी पूर्णपणे अडविण्याचा दृष्टिकोन आला. नव्या बांधकामात तो काही अंशी योग्य होता. जुन्या चुन्याच्या व मातीच्या भिंतींवर मात्र सिमेंटचा गिलावा व तैलरंग चढविल्याने बाष्पीभवन थांबले आणि जोत्यापाशी सुकणारी ओल आतल्या आत अधिक उंच चढू लागली. वरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होते, हे अनेक वाड्यांच्या दुरुस्तीत दिसून आले आहे.

जुने गोवे येथील बॉम जेझूस बॅसिलिका (१५९४–१६०५) हे राहते घर नव्हे. पण जांभ्याचे वर्तन समजण्यास तिचे उदाहरण बोधक आहे. जांभ्याच्या या वास्तूवरील चुन्याचा गिलावा १९५० च्या सुमारास दगडाचे मूळ रूप दिसावे म्हणून काढून टाकण्यात आला. गिलावा ही भिंतीची झिजण्यासाठीच असलेली कातडी होती. ती गेल्यावर प्रत्येक पावसाळ्यात जांभाच भिजू व झिजू लागला. २०२० मध्ये तेथील धर्मगुरूंनी वास्तूच्या झीज-पडझडीविषयी जाहीर चिंता व्यक्त केली आणि गिलावा पुन्हा करावा की नाही, हा वाद त्यानंतर चर्चेत राहिला. उघड्या जांभ्याची शोभा वाढविण्यासाठी अलीकडे कोकणातील नव्या घरांतही गिलावा टाळला जातो. अशा घरांची वळचण तरी पुरेशी पुढे असणे आवश्यक आहे.

प्रबलित काँक्रीटमध्ये ओलीचा परिणाम निराळा असतो. काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे आतील सळया सुरक्षित राहतात. परंतु हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड आणि समुद्रकाठची क्लोराइडे आत शिरल्यावर पाण्याच्या सान्निध्यात सळया गंजतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या काही पट असल्याने काँक्रीट फुटून त्याचे पापुद्रे खाली पडतात. छतावरील तांबूस डाग व सळईच्या रेषेतील तडा ही त्याची पूर्वचिन्हे होत. त्यांवर नुसता रंग देणे म्हणजे ती दृष्टिआड करणे होय.

मुंबईच्या जुन्या चाळींत लाकडी तुळयांची भिंतीत बसविलेली टोके ओलीने कुजत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च करण्यास मालक तयार नसत आणि भाडेकरूंना तो झेपत नसे. पावसाळ्यात इमारती कोसळण्याच्या घटना वाढल्यावर १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला व उपकर घेऊन सु. १९,६०० इमारतींच्या दुरुस्तीची जबाबदारी शासकीय यंत्रणेकडे आली.

दोष कोणाचा : ओल इमारतीमुळे की राहणीमुळे, हा वाद ब्रिटनमध्ये विशेष गाजला. ग्लासगो येथील हचिसनटाउन भागात फ्रेंच पद्धतीच्या तयार काँक्रीट फळ्यांनी बांधलेल्या व १९७२ मध्ये औपचारिक उद्घाटन झालेल्या सदनिकांत थोड्याच अवधीत भिंती काळ्या पडल्या. रहिवासी फार पाणी उकळतात, घरात कपडे वाळवितात व खिडक्या उघडत नाहीत, असे स्थानिक प्रशासनाचे म्हणणे होते. चार माणसांच्या कुटुंबातून स्वयंपाक, स्नान, कपडे व श्वास यांद्वारे दिवसाला सु. १० लि. पाणी हवेत जाते, हे खरेच; परंतु घर त्यासाठीच बांधलेले असते. भिंती थंड राहतील आणि त्या तापविण्याचा खर्च परवडणार नाही अशी रचना असेल, तर दोष श्वास घेणाऱ्याचा ठरत नाही. रहिवाशांनी संघटितपणे लढा दिला. १९८२ पर्यंत या इमारती रिकाम्या झाल्या व १९८७ मध्ये पाडण्यात आल्या.

ग्लासगो, एडिंबरो व लंडन येथील घरांच्या १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ओल व बुरशी यांचा मुलांच्या श्वसनविकारांशी संबंध दिसून आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रॉचडेल येथे २०२० मध्ये दोन वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू घरातील बुरशीच्या दीर्घ संसर्गामुळे झाला, असा निष्कर्ष २०२२ च्या चौकशीत निघाला. त्या घराबाबतही कुटुंबाच्या राहणीला दोष देण्यात आला होता. त्यानंतर २०२३ च्या कायद्याने इंग्लंडमधील सामाजिक गृहनिर्माण संस्थांवर ओलीच्या तक्रारीची ठराविक मुदतीत चौकशी व दुरुस्ती करण्याचे बंधन घालण्याची तरतूद झाली.

महाराष्ट्रातील शहरांत हाच वाद वरच्या व खालच्या मजल्यांत होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरील भिंती व सामाईक नळ यांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते. सदनिकेच्या आतील मोरी, संडास वा ओट्याखालील गळती ही त्या सदस्याची जबाबदारी असते. छतावरील एकाच डागाचे कारण काय ठरते, यावर खर्च कोणी करावयाचा ते अवलंबून असल्याने निदानाला आर्थिक महत्त्व आले आहे. त्यासाठी काही दिवस डागाची कड पेन्सिलीने आखून तारखा घालतात, वरची मोरी वापरणे बंद ठेवून डाग आक्रसतो का ते पाहतात, मोरीच्या जाळीत रंगीत पाणी सोडतात आणि गच्चीवर बांध घालून २४ ते ७२ तास पाणी साठवितात. या परीक्षा स्वस्त असल्या, तरी त्यांसाठी शेजाऱ्याचे सहकार्य लागते, आणि बहुतेक तंट्यांत तेच सर्वांत दुर्मिळ असते.